लांब टप्प्यातली मोजणी

'गाडी तुम्ही मारलीत, आणि सुरी आमच्या हातात ठेवलीत.'

हरकतीच्या अर्जाचं पहिलं वाक्य गार्डने शनिवारी असं लिहिलं. बायको म्हणाली, "अहो, साहेबलोकांना असं लिहितात का? आधी नमस्कार तरी घाला." तो म्हणाला, "नमस्कार चौदा महिने घातले." वाक्य तसंच राहिलं. पण तेव्हा ते त्याने रागाच्या भरात, जोर यावा म्हणून लिहिलं होतं. सोमवारी टपाल आलं आणि त्याला कळलं की सुरी खरोखरच त्याच्या हातात आहे.

गाडीचं खरं नाव वेळापत्रकात होतं आणि ते कुणीच घेत नसे. सगळे तिला सव्वासातची म्हणत. या शहरातून सकाळी सव्वासातला निघायची, नऊ स्टेशनं घेत दहाला दुसऱ्या शहरात पोचायची, संध्याकाळी साडेसहाला परत. त्रेपन्न वर्षं. गार्ड तिच्यावर शेवटची एकोणतीस वर्षं होता. चौदा महिन्यांपूर्वी ती बंद झाली त्याच दिवशी तोही निवृत्त झाला, म्हणून त्याचा मित्र, सव्वासातचीचा जुना ड्रायव्हर, त्याला म्हणायचा, "तू काय, सती गेलास गाडीबरोबर."

आता स्टेशनच्या कुलूप लावलेल्या दारावर नवीन कागद चिकटला होता. रूळ उचलणार. ज्यांची हरकत असेल त्यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात हजर राहून सांगावं. गाडी बंद होती तोवर ती पुन्हा सुरू होईल अशी आशा तरी होती. एकदा रूळ गेले की संपलं. उचललेले रूळ परत टाकल्याचं गार्डने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

आणि त्याला घोर गाडीचा नव्हता. म्हणजे होताच, पण खरा घोर लेकीचा होता.

लेक तिसऱ्या स्टेशनच्या गावात, मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामावर होती. जावई परमुलखात नोकरीला, म्हणून ती आईबापांकडेच राहायची. सातवा महिना चालू होता. सव्वासातची होती तेव्हा पन्नास मिनिटांत पोचायची, कारण गाडी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून जायची. बस डोंगराला वळसा घालून जाते. पावणेदोन तास, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पावणेसहाच्या बसला जागा मिळाली नाही तर उभ्याने. गेल्या वर्षी त्या रस्त्यावर एक बस कठड्याला अडकून अर्धी बाहेर लोंबकळली होती. त्या बसमध्ये लेक नव्हती, तिच्या मागच्या बसमध्ये होती. तेव्हापासून गार्ड संध्याकाळी साडेसहापासून बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा. बस साडेसातला यायची.

"लवकर जाऊन बस लवकर येते का?" बायको विचारायची.

"येत नाही. पण इथे बसून तरी काय करू? तुझ्या हातातली भांडी आपटायचा आवाज ऐकू?"

"मी आपटत नाही. ती आपोआप आपटतात साडेसहानंतर."

तर सोमवारी टपाल आलं. गाडी बंद करायच्या हुकुमात एक आकडा होता: रोजचे प्रवासी सरासरी अकरा. अकरा! ज्या गाडीत लोक दाराला टेकून झोपा काढायचे, त्या गाडीत अकरा माणसं? सगळं शहर या आकड्यावर हसलं आणि मग चिडलं. गार्डने आणि ड्रायव्हरने माहितीचा अर्ज टाकला होता: हा आकडा आणला कुठून, कागद दाखवा. नऊ महिने कार्यालयाने तोंडातून शब्द काढला नाही. सुनावणीच्या तीन दिवस आधी जाड पाकीट आलं.

ड्रायव्हर पाकीट फोडायला हजर होता. त्याने पहिला कागद काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वाचला, आणि गार्डपुढे सरकवला.

रोजचा तक्ता होता. तारीख, गाडी, संख्या. अकरा. नऊ. चौदा. बारा. दहा. खाली सही. गार्डची सही. शेवटच्या अक्षराला मागे ओढलेली शेपटी, जशी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तो लेकीसाठी करायचा तशी.

"अक्षर तर तुझंच दिसतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"माझंच आहे."

"म्हणजे गेलं वर्षभर आपण ज्या हरामखोराला शिव्या घालतोय..."

"हळू बोल. बायको आत आहे."

"तो तू होतास!" ड्रायव्हर उठलाच. "मी इंजिनात बसून आरशात बघायचो रे फलाट. मुंग्यांसारखी माणसं उतरायची. आणि तू अकरा लिहीत होतास? मोजता येत नव्हतं की दिसत नव्हतं?"

"मी खोटं नाही लिहिलं," गार्ड म्हणाला. "एक दिवस खोटं नाही लिहिलं. जेवढी होती तेवढी लिहिली."

"मग बाकीची माणसं कुठे गेली? बोगद्यात विरघळली?"

ड्रायव्हर टोपी विसरून निघून गेला. गार्ड कागदांपुढे बसून राहिला. आपण कामचुकार नव्हतो, हे त्याला आपल्या नावाइतकं माहीत होतं. तापात असतानाही त्याने मोजणी चुकवली नव्हती. मग अकरा कसे?

सांगायला हवं की सव्वासातची एका दिवसात मेली नाही. तिला निजवून निजवून मारली. आधी नऊ डबे होते, त्याचे पाच केले, मग तीन. मग दुसऱ्या शहरात पोचायची वेळ साडेनऊची दहा केली, म्हणजे तिथल्या कचेरीत जाणाऱ्याला रोजचा लेट मार्क. मग फलाटावरचा पाण्याचा नळ दुरुस्तीला काढला तो दुरुस्तीलाच राहिला. पुढच्या सहा स्टेशनांची माणसं कंटाळून बसकडे गेली, ही गोष्ट खरीच. पण तिसऱ्या स्टेशनचं काय? तिथे पूर्वी नुसती दगडाची खाण होती आणि गाडीतून कुणी उतरलं तर तो खाणीचा मुकादम असायचा. पुढे तिथे इस्पितळ आलं, कॉलेज आलं, कोर्ट आलं, कार्यालयही आलं, हेच, रूळ उचलणारं. त्या तीन डब्यांत जी खेचाखेच असायची ती सगळी तिसऱ्या स्टेशनची.

त्या संध्याकाळी बस वीस मिनिटं उशिरा आली. वीस मिनिटं गार्डचा जीव टांगणीला. लेक उतरली ती एका हाताने दांडा धरून, एका हाताने पोट धरून. पाय सुजून चपलेबाहेर आलेले. तिने बापाचं तोंड पाहिलं.

"बाबा, मी आले आहे. आता श्वास घ्या."

घरी तिने तक्ता हातात घेतला. बायकोने चहा ठेवला. लेकीने एक तारीख शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"हा माझा कामावरचा पहिला दिवस. तुम्ही मला डब्यात बसवून दिलंत, सगळ्यांना सांगितलंत, ही माझी मुलगी, आजपासून इस्पितळात. आठवतं?"

"न आठवायला काय झालं?"

"इथे नऊ लिहिलंय. या नऊमध्ये मी कुठे आहे?"

गार्डने बोटांनी हवेत मोजायला सुरुवात केली आणि बोटं थांबली.

"तू नाहीस," तो म्हणाला.

"का?"

"तू तिसऱ्या स्टेशनला उतरलीस. मी मोजायचो त्याच्या पुढे."

चहा उतू गेला तरी बायको हलली नाही.

त्याला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गार्डने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिसरं स्टेशन सुटेपर्यंत पार्सलं, टपालाच्या थैल्या, सह्या यांतून डोकं वर निघत नाही. ते सुटलं की बावीस मिनिटं गाडी कुठे थांबत नाही. तो लांब टप्पा. त्या टप्प्याच्या शेवटी नदीवरचा पूल. पुलाच्या आधी सगळे डबे चालून मोज आणि तक्त्यात लिही. का? तर फार पूर्वी, पुरात, तो पूल खचला होता आणि दोन डबे पाण्यात गेले होते. आत किती माणसं होती हे कुणालाच सांगता येईना. आठ दिवस शोधत राहिले. सगळी सापडली की नाही हेही कळलं नाही, कारण सगळी म्हणजे किती? तेव्हापासून हा तक्ता. म्हातारा म्हणाला होता, "पाण्यात किती शोधायची, ते वरच्या माणसाला माहीत पाहिजे. एवढ्यासाठी मोजायचं. एक जास्त नको, एक कमी नको."

गार्डने एकोणतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून मोजलं. जाताना पुलाआधी. येताना पूल लागायच्या आधी, तीच अकरा-बारा माणसं, तिसऱ्या स्टेशनची गर्दी चढायच्या कितीतरी अगोदर. शेवटच्या दिवशी तिसऱ्या स्टेशनवर लोक उतरले, डब्याला हात लावून रडले, गाडी सुटली, आणि त्याने आत जाऊन मोजलं आणि लिहिलं: चौदा.

"म्हणजे हा प्रवाशांचा आकडाच नाही," लेक म्हणाली. "पुलावरच्या माणसांचा आहे."

"हो."

"मग वर 'दैनिक प्रवासी संख्या' का छापलंय?"

गार्डने मथळा वाचला. खरं सांगायचं तर त्याने तो पहिल्यांदा वाचला. जुन्या तक्त्यावर 'पूल ओलांडणारे प्रवासी' असं होतं, हे त्याला पाठ होतं, आणि पाठ असलेलं कोण वाचतो? रकाने तेच, कागद तोच, पिवळट. आठ वर्षांपूर्वी मथळा बदलला होता. पाकिटाच्या तळाशी ते परिपत्रकही होतं: यापुढे हा तक्ता गाडीच्या एकूण प्रवाशांचा समजावा. खाली 'वाचले व समजले', आणि खाली सही. शेपटीवाली.

"वाचलं नव्हतंत?" लेकीने विचारलं.

"पार्सलं चढवताना कारकुनाने पुढे धरलं असेल. सही केली असेल. दिवसाला चाळीस सह्या करायचो मी." त्याने कागद पालथा केला, पुन्हा सुलटा केला. "मीच बंद पाडली गं गाडी. तुला त्या बसमध्ये मीच बसवलं."

बायकोने मंगळवार जाऊ दिला. बुधवारी बोलली.

"उद्या तिथे हे सांगणार आहात?"

"मग काय सांगू?"

"सांगू नका. जाऊच नका. खोटी नोंद केली म्हणून खटला भरतील. पेन्शन अडकवतील. अहो, घरात पाळणा हलायचाय, आणि तुम्ही आपणहून मान पुढे करताय."

"नाही सांगितलं तर अकरा तसाच राहतो. अकरा राहिला की रूळ जातात."

"सांगितलं तरी जातील! त्यांनी ठरवलंय ते ठरवलंय. तुमच्या सांगण्याने लोखंड थांबतं का?"

बायकोचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. त्याने अर्जाचा कागद काढला. पहिल्या वाक्यावर रेघ मारली. मग रेघेखाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

गुरुवारी तो लेकीबरोबर पावणेसहाच्या बसला गेला. थांब्यावर ड्रायव्हर आधीच उभा.

"माझी टोपी दे," तो म्हणाला. गार्डने पिशवीतून काढून दिली. टोपी डोक्यावर बसवून ड्रायव्हर म्हणाला, "लेकीने फोन करून सगळं सांगितलं. गाढव आहेस. पण प्रामाणिक गाढव आहेस. चल."

बस आधीच भरलेली होती. एका बाईने लेकीला उठून जागा दिली, आणि ती रोजच देत असावी, कारण दोघी काही बोलल्या नाहीत. गार्ड दांडा धरून उभा राहिला. इतके महिने तो या बसची वाट पाहत होता, पण आत पहिल्यांदाच चढला होता.

शहर सुटलं तशी त्याने मोजायला सुरुवात केली. हात आपोआप उठला. चाळीस जागा. पुढून मागे मोजली, मागून पुढे मोजली. एकसष्ट. चालक आणि वाहक धरून त्रेसष्ट. दाराच्या पायरीवर दोन कॉलेजच्या मुली, खांद्यांवर पिशव्या, बाहेर हवा.

"कशाला मोजतोस आता?" ड्रायव्हर कानाशी पुटपुटला.

"सवय."

डोंगर सुरू झाला. तिसऱ्या वळणावर समोरून दगडांचा ट्रक आला. दोन्ही वाहनं थांबली. ट्रक हलेना. मग बस मागे घ्यायला लागली. वाहक खाली उतरून मागे गेला आणि पत्र्यावर थाप मारत राहिला, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. मागच्या चाकाखालची खडी सुटल्याचा आवाज गार्डच्या पायाला आधी कळला आणि कानाला नंतर. काही खडे खाली गेले. ते कुठे पडले, त्याचा आवाज आलाच नाही. बसमध्ये एकही माणूस ओरडला नाही. सगळे गप्प होते, रोजच्यासारखे. लेकीचे डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर, ओठ हलत होते.

ट्रक घासून गेला. बस पुढे आली.

"काय म्हणत होतीस?" गार्डने वाकून विचारलं.

"काही नाही. वीसपर्यंत मोजते. वीसच्या आत वळण संपतं."

"रोज?"

"रोज जाताना आणि येताना," ती म्हणाली आणि हसली. "तुमचीच मुलगी ना."

कार्यालयाची खोली लांबट होती. टेबलामागे अधिकारी बाई, तिच्या बाजूला टंकलेखक, भिंतीवर घड्याळ सात मिनिटं पुढे. हरकतवाले अठरा आले होते. कुणी रडलं, कुणी भाषण केलं. बाई प्रत्येकाला तेच सांगत होती, दमलेल्या, सभ्य आवाजात: "आपल्या भावना समजल्या. पण आकडा अकराचा आहे."

गार्डची पाळी आली. त्याने टेबलाची कड धरली.

"तो आकडा माझा आहे," तो म्हणाला.

बाईने पहिल्यांदा मान वर केली.

त्याने सगळं सांगितलं. लांब टप्पा, पूल, बुडालेले डबे, बदललेला मथळा, न वाचलेलं परिपत्रक. खोलीत टंकलेखकाच्या बोटांचा तेवढा आवाज. ऐकून झाल्यावर बाईने परिपत्रक पुढे ओढलं.

"म्हणजे आठ वर्षं तुम्ही चुकीची नोंद केलीत. ही सही तुमची. हे तुम्हाला मान्य आहे? नीट विचार करून सांगा. हे लिहून घेतलं जाईल, आणि त्यावर कारवाई होऊ शकते."

त्याला बायको आठवली. पाळणा आठवला. मागे ड्रायव्हर खाकरला.

"मान्य," गार्ड म्हणाला. "लिहा. चूक माझी. मथळा वाचला नाही, ही चूक माझी. पुढची ओळही लिहा."

"पुढची कोणती?"

"तिकिटं तुम्ही विकत होतात. महिन्याचे पास तुमच्या खिडकीवर निघत होते. तिसऱ्या स्टेशनचे किती, ते तुमच्याच दप्तरात आहे. माझ्या मुलीचा पास आहे, बारा महिन्यांचा, तुमचा शिक्का मारलेला. याच इमारतीतली निम्मी माणसं त्या गाडीने यायची. बाई, तुमच्या या टंकलेखकाला मी तीन वर्षं सलाम केलाय डब्याच्या दारात."

टंकलेखकाची बोटं थांबली. त्याने खाली पाहिलं.

"लिहा ना," गार्ड म्हणाला. "एका हातात तुमची तिकिटं होती, एका हातात माझा तक्ता. तिकिटं तुम्ही कपाटात ठेवलीत आणि तक्ता उचललात. तो तक्ता पुलावरून पडलेली माणसं शोधण्यासाठी होता. मेलेल्यांची मोजणी होती ती, बाई. ती तुम्ही जिवंत माणसांना लावलीत."

"आपली वेळ संपली आहे," बाई म्हणाली. पण आवाज मघाचा नव्हता.

"भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मी गार्ड आहे, मला वेळ सांगू नका." त्याने खिशातून तिकिटाएवढा कागदाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "आज सकाळची पावणेसहाची बस. चाळीस जागा, त्रेसष्ट माणसं. माझ्या मुलीच्या पोटातलं धरलं तर चौसष्ट. या वेळी मी बस सुटल्यापासून मोजलंय आणि नीट वाचून सही केलीय. ती बस तिसऱ्या वळणावरून खाली गेली, तर किती शोधायची हे तुम्हाला आज, सगळ्यांसमोर, कळवून ठेवलं. पोच द्या."

बाईने कागदाला हात लावला नाही.

ड्रायव्हर उठून गार्डच्या शेजारी येऊन उभा राहिला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक, मग तीन, मग मोजायची गरज उरली नाही.

"मी माझी चूक सहीनिशी कबूल केली," गार्ड म्हणाला. आता त्याने टेबल सोडलं होतं. "आता तुमची पाळी. तिकिटं समोर असताना अकरा हा आकडा कुणी निवडला? नाव सांगा. आणि लेक आज संध्याकाळी त्याच बसने परत येणार आहे, तेव्हा ते आत्ता सांगा. कुणी?"